ओझोनच्या छिद्राचं पुढे काय झालं?

‘लहानपणी ओझोनच्या छिद्राने घाबरवलं, आता कुणी नावही काढत नाही, म्हणजे सगळं थोतांडच होतं,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शंका येणं स्वाभाविक आहे, कारण बातम्या खरंच कमी झाल्या.

पण त्या कमी झाल्या, कारण उपाय झाला. फ्रीज आणि स्प्रेच्या डब्यांतले सीएफसी वायू सूर्याच्या घातक अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवणारा, उंच हवेतला ओझोनचा थर नष्ट करू शकतात, हे १९७४ मध्ये मांडलं गेलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या या थरातली मोठी घट, म्हणजेच ‘छिद्र’, जगासमोर आली आणि दोनच वर्षांत असे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा माँट्रियल करार झाला. पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो स्वीकारला. असं भाग्य फार थोड्या करारांना लाभलंय!

छिद्र मात्र अजून बुजलेलं नाही. हे वायू हवेत ५० ते १०० वर्षं टिकतात. त्यामुळे अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या पातळीला यायला साधारण २०६६ उजाडेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उपग्रहांचे रोजचे नकाशे उघडून बघा, छिद्र दिसतं.

घरीही पडताळता येईल. फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरजवळच्या लेबलवर वायूचं नाव असतं. जुन्या फ्रीजवर आर-१२, म्हणजे सीएफसी. आजच्या बऱ्याच फ्रीजवर आर-६००ए, ज्याने ओझोनला धक्का लागत नाही. आर-१२ बाजारातून गेला तो या करारामुळेच.