थेंबाला तोलणारा आवाजच थेंब फोडतो

पाण्याचा थेंब हवेत अधांतरी थांबलाय. दोरा नाही, चुंबक नाही. त्याला तोललंय आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या आवाजाने.

वरून सेकंदाला 40 हजार कंपनांचा आवाज सोडायचा आणि खालच्या तबकडीवरून तो परतवायचा. जाणाऱ्या-येणाऱ्या लाटा मिसळून स्थिर तरंग तयार होतो. त्यात दर 4.3 मिलिमीटरवर अशी जागा येते, जिथे हवेचा दाब जवळजवळ बदलतच नाही. थेंब तिथेच, किंचित खाली, विसावतो.

पण तो गोल नसतो. त्याच्या कडेभोवती हवा जोरात मागेपुढे होते, तिथला सरासरी दाब उतरतो आणि कड बाहेर खेचली जाते. पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करू पाहतो. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते यापुढचं. थेंब जितका चपटा, तितकी कडेवरची ओढ जास्त; आणि ओढ वाढली की तो आणखी चपटा! आवाज एकदम वाढवला तर पृष्ठताण हरतो. थेंबाची चकती होते, तिचा मधला भाग पापडाहून पातळ होतो, वाडग्यासारखा फुगतो आणि फुटून तुषार उडतात.

म्हणजे पृथ्वीवर थेंबाचं वजन पेलायचं तर त्याला थोडंफार चेपावंच लागतं. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ टेलर वांग 1985 मध्ये चॅलेंजर यानातून हा प्रयोग अंतराळात घेऊन गेले. तिथे उपकरणच बंद पडलं. त्यांनी ते यानातच दुरुस्त केलं. मग आवाजानेच थेंब फिरवले. वेग वाढत गेला की गोल थेंब लांबट होतो आणि भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखा दिसू लागतो. फिरत्या थेंबाच्या स्थैर्याचं गणित खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1965 मध्येच मांडलं होतं. वांग यांचे थेंब मात्र सिद्धांताने सांगितलेल्या वेगाच्या आधीच शेंगेचा आकार घेत होते.

गणित चुकलं होतं का? 1992 मध्ये कोलंबिया यानात प्रयोग पुन्हा झाला, या वेळी आवाज अगदी हळुवार ठेवून. थेंब खरोखर गोल राहिले, तेव्हा सिद्धांत आणि प्रयोग जुळले. आधीचा फरक आवाजाने थेंब किंचित चेपल्यामुळे पडला होता.