लोह-उत्प्रेरकाला आधार कसा मिळाला : कार्बन नॅनोट्यूबची पार्श्वभूमी

कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांचा, इतिहास १९९१ पासून, म्हणजे जपानचे सुमिओ इजिमा यांच्या निबंधापासून सांगण्याची प्रथा आहे. उत्प्रेरकाच्या, म्हणजे या नळ्यांची वाढ घडवून आणणाऱ्या लोहासारख्या धातूच्या, दृष्टीने ती अपुरी वाटते, कारण इजिमांच्या त्या नळ्या ग्राफाइटच्या विद्युत-प्रज्योतीत (इलेक्ट्रिक आर्क), धातूच्या मदतीविना तयार झाल्या होत्या. लोहावर वाढणाऱ्या कार्बनची नोंद त्याहून कितीतरी जुनी आहे. १९५२ मध्ये राडुशकेविच व लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी, लोहावर सुमारे ६०० अंश सेल्सिअसला कार्बन मोनॉक्साइडचे विघटन होताना वाढलेल्या पोकळ तंतूंची चित्रे रशियन नियतकालिकात छापली. उद्योगांत मात्र हा कार्बन उपद्रव मानला जाई, कारण झोतभट्टीच्या अस्तराच्या विटेत लोह-ऑक्साइडचे डाग असले, की तेथे कार्बन साचून वीट आतून फुटत असे.

या उपद्रवातून उपयोगी पदार्थ मिळवण्यातली खरी अडचण लोहाच्या कणांच्या आकाराची होती. नळीचा व्यास बराचसा कणाच्या व्यासावर ठरतो, आणि लोह १५३८ अंशांना वितळत असले, तरी साधारण ६३० अंशांपासूनच त्याचे अणू चळू लागतात. त्यामुळे ७०० अंशांच्या नळीभट्टीत सुटे सूक्ष्म कण काही वेळातच एकमेकांत मिसळून मोठे होतात. त्यांना दूर दूर धरून ठेवणारा सच्छिद्र आधार ही या विषयातली निर्णायक कल्पना आहे, असे माझे मत आहे.

१९८७ च्या टेनेंट यांच्या अमेरिकी पेटंटमध्ये ती दिसते. १९९३ मध्ये मेक्सिकोच्या होसे याकामान यांच्या गटाने ग्राफाइटवर चढवलेल्या लोहावर ॲसिटिलीन सोडून ७०० अंशांना नॅनोट्यूब वाढवल्या, १९९६ मध्ये चिनी संशोधकांनी सच्छिद्र सिलिकात लोह रुजवून एका दिशेने वाढलेल्या नळ्या मिळवल्या, आणि १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या गटाने ॲल्युमिनावरील (ॲल्युमिनियम ऑक्साइड) लोह-ऑक्साइड व मिथेन वापरून सुमारे १००० अंशांना एकपदरी, म्हणजे कार्बनच्या एकाच थराची भिंत असलेल्या, नळ्या तयार केल्या.

असा आधारावरचा उत्प्रेरक तयार करण्याची सर्वांत रुळलेली रीत ‘इंप्रेग्नेशन’ची, म्हणजे लोहक्षाराचे द्रावण आधारात मुरवण्याची, आहे, आणि छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड येथील विद्यापीठांशी संलग्न, मराठवाड्यातील साध्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेलाही निदान हा टप्पा आवाक्यातला आहे, ही गोष्ट आनंदाची वाटते. पाच टक्के लोहाचा १०० ग्रॅम उत्प्रेरक हवा असेल, तर ९५ ग्रॅम ॲल्युमिनासाठी नऊ जलरेणूंचे फेरिक नायट्रेट सुमारे ३६ ग्रॅम लागते. ते आधाराच्या छिद्रांत मावेल इतक्याच पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने मुरवावे, ११० अंशांच्या आसपास सावकाश वाळवावे आणि मग मफल भट्टीत ४५० ते ५०० अंशांना भाजावे. वाळवताना घाई झाली, तर द्रावण पृष्ठभागाकडे ओढले जाऊन लोह तेथेच साचते. भाजताना नायट्रोजन डायऑक्साइडचा विषारी तपकिरी धूर निघत असल्यामुळे भट्टी धूर-कपाटात असणे अनिवार्य आहे. पुढचे हायड्रोजनने क्षपण करण्याचे, म्हणजे लोह-ऑक्साइडचे लोह करण्याचे, काम मात्र योग्य वायू-सुरक्षा नसेल तेथे करू नये.

आधाराची निवड पुढच्या शुद्धीकरणाचा विचार करूनच करावी लागते. ॲल्युमिना लोहाला घट्ट धरते, पण नळ्यांतून ॲल्युमिना काढण्यास तीव्र अल्कली किंवा घातक हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागते. मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) सौम्य आम्लातही विरघळते, आणि म्हणून ज्यांना शेवटी शुद्ध नळ्याच हव्या आहेत, ते तिच्याकडे वळले.