खाडा आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंतच का कळवायचा? रतीब असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

दूध घालायला येणाऱ्या आमच्या पोरांना दारात रोज एक वाक्य ऐकावं लागतं: "आज नको, गावाला निघालोय." पोरगं पिशवी परत घेऊन येतं. मग दुपारी फोन येतो, "आम्ही सकाळी सांगितलं होतं, तरी खाडा का धरला नाही?" म्हणून हे पत्रक.

खाडा घ्यायला आमची कधीच ना नसते. घरात माणसं नसताना दूध कुणी कशाला घ्यावं? प्रश्न फक्त वेळेचा आहे. ती वेळ आम्ही आमच्या सोयीसाठी ठरवलेली नाही. ती गोठ्यातून ठरते.

सकाळी तुमच्या दारात येणारी पिशवी आदल्या दिवशीच्या दुधाची असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतले आमचे उत्पादक पहाटे आणि संध्याकाळी धारा काढतात. सडातून निघालेलं दूध म्हशीच्या अंगाइतकंच, 38 अंशांच्या आसपास गरम असतं आणि तेवढ्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गावातल्या संकलन केंद्रावरच कूलर बसवलेत. तिथे दूध मोजायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) तपासायचं, उत्पादकाला पावती द्यायची आणि दूध लगेच 4 अंशांवर आणायचं. सकाळचं दूध दुपारच्या आत डेअरीत येतं, संध्याकाळचं रात्री येतं. मग पाश्चरायझेशन, म्हणजे 72 अंशांवर 15 सेकंद, पुन्हा थंड करणं आणि पॅकिंग. उजाडायच्या आत गाड्या बाहेर पडतात.

या सगळ्यात दुपारी बाराची वेळ महत्त्वाची. उद्या किती लिटर पिशव्यांत भरायचं आणि सकाळच्या दुधातलं किती दही, पनीर आणि चक्क्याला सोडायचं, हे आम्ही तेव्हा ठरवतो. तुमचा खाडा त्याआधी कळला तर तुमच्या वाट्याच्या एक लिटरचं त्याच दिवशी ताजं दही लागतं. उत्पादकाला पूर्ण दर मिळतो, तुमचं बिल कमी होतं आणि कुणाचंच नुकसान होत नाही.

तोच खाडा सकाळी दारात कळला तर दूध पिशवीत बंद झालेलं असतं आणि गाडीत तासभर फिरलेलं असतं. परत आलेली पिशवी आम्ही दुसऱ्या घरी देत नाही, पुन्हा तापवून भरतही नाही. हा आमचा नियम आहे आणि तो तुमच्याच भल्याचा आहे. अशा पिशव्या एकेक करून कापायच्या, साय काढायची आणि तूप करायचं, एवढाच मार्ग उरतो. लिटरभर म्हशीच्या दुधातून जेमतेम 60 ग्रॅम तूप निघतं. त्यात दुधाचा दर सुटत नाही, आणि दोन माणसांची सकाळ पिशव्या कापण्यात जाते.

यावर काही ग्राहक म्हणतात, "मग शेतकऱ्यालाच दूध कमी आणायला सांगा." सांगता येत नाही. म्हैस रविवारी किंवा मे महिन्यात सुट्टी घेत नाही. धार चुकली किंवा कासेत दूध राहिलं की कास दगडासारखी होते, कासदाहाची भीती वाढते आणि पुढचे कित्येक दिवस दूध आटतं. म्हणून आम्ही उत्पादकांना शब्द दिला आहे: कसाला उतरलेलं तुमचं सगळं दूध आम्ही बारा महिने, दोन्ही वेळ घेणार. आमची सगळी खरेदी या शब्दावर उभी आहे.

मोठ्या दूध संघांकडे जादा दुधाची भुकटी करायची सोय असते. आमच्याकडे ती नाही. भुकटीचा बाजार पडला की दुधाचा दरही पडतो. जुलै 2018 मध्ये असाच दर पडला आणि आंदोलनात राज्यभर दूध रस्त्यावर ओतलं गेलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आमच्या उत्पादकाचा दर त्या बाजारावर हलू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. तो टिकतो तुमच्या रोजच्या रतिबावर. उत्पादकाचं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं आणि दिवाळीला लिटरमागे दरातला फरक देतो. दर 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ हा पाया धरून काढतो आणि फॅट जास्त लागली तर जास्त देतो. उसाचं बिल यायला महिने जातात. घरातली शाळेची फी, दवाखाना आणि किराणा दुधाच्या बिलावर चालतो.

बदल्यात आम्ही उत्पादकाकडून काय मागतो, हेही तुम्हाला माहीत असावं. जनावराला इंजेक्शन किंवा औषध चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत त्याचं दूध कॅनमध्ये घालायचं नाही. कास धुऊन, पुसूनच धार काढायची. आणि नुसत्या वाड्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यावर, जनावर ठेवायचं नाही. हा मुद्दा आमच्या जिल्ह्याचा खास आहे. ऊसतोड सुरू झाली की वाडं जवळजवळ फुकट मिळतं आणि गोठ्यात दुसरी वैरण दिसेनाशी होते. पण वाड्यात ऑक्झॅलेट असतं. ते जनावराच्या पोटातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. असं महिनोन् महिने चाललं की म्हैस अशक्त होते, वेळेवर माजावर येत नाही, पुढचं वेत लांबतं. म्हणून वाड्याबरोबर कडबा, हत्तीघास आणि खनिज मिश्रण द्यायला आम्ही सांगतो. पावसाळ्यातला मका कापून मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) करणाऱ्यांना पिशव्या आणि कुट्टी मशीनसाठी उचल देतो आणि ती दुधाच्या बिलातून हप्त्याने वळती करतो. ज्यांच्या दारात गोबरगॅस आहे त्यांची स्लरी उसाला जाते आणि रासायनिक खताचा खर्च थोडा हलका होतो. दूध टिकायचं तर आधी गोठा टिकला पाहिजे, असा आमचा विचार आहे.

उन्हाळ्यात दर का वाढतो, याचं उत्तरही इथेच आहे. म्हशी बहुतेक पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वितात. तो पुष्ट काळ, तेव्हा दूध भरपूर. उन्हाळ्यात बऱ्याच म्हशी गाभण आणि भाकड असतात. काळ्या कातडीमुळे त्यांना ऊन सोसत नाही, साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की वाडंही संपतं आणि वैरण विकत घ्यावी लागते. नेमकी तेव्हाच तुमची ताक, लस्सी आणि आंब्याच्या रसाबरोबरच्या दुधाची मागणी वाढते. अशा वेळी खरेदीदर वाढवला नाही तर उत्पादक म्हैस बाजाराला काढतो आणि पावसाळ्यात ती परत येत नाही. म्हणून थोडी वाढ करतो.

2019 आणि 2021 च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, तेव्हा शहरात दूध येणं किती अवघड झालं ते कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. अशा वेळी पंचगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अशा दोन्ही बाजूंच्या गावांतून दूध असलं पाहिजे. लांबच्या एका मोठ्या गोठ्यापेक्षा जवळच्या अनेक लहान गोठ्यांचं दूध आम्ही घेतो, त्याचं हेही एक कारण.

गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेलं धारोष्ण दूध प्यायलेल्या गावाला पिशवीतल्या दुधावर सहज विश्वास बसत नाही. तो सहज बसावा, अशी आमचीही अपेक्षा नाही. आधी कळवून संकलन केंद्रावर या, तपासणी पाहा, उत्पादकांशी बोला. मुलांना घेऊन आलात तर जास्त आनंद होईल.

आता कामाचं. खाडा आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत, पिशवीवर छापलेल्या नंबरावर व्हॉट्सअॅप करून कळवा. नाव, पत्ता आणि किती दिवस, एवढं पुरे. पोराजवळ निरोप देऊ नका. एका फेरीत त्याला बरीच घरं करायची असतात आणि निरोप राहून जातो. लांबच्या प्रवासाला निघणार असाल तर जाण्याची आणि परतण्याची तारीख एकदमच कळवा, म्हणजे परत आल्यावर पुन्हा सांगावं लागणार नाही. जादा दुधालाही हीच वेळ लागू आहे. कोजागरीला मात्र दोन दिवस आधी सांगा, कारण त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक घराला दुप्पट दूध लागतं.

बारानंतर अचानक जावं लागलं, घरात आजारपण आलं, तर फोन करा. अशा खाड्याचं दूध तुम्हाला हवं असल्यास दह्याच्या रूपात देऊ. परत आल्यावर तीन दिवसांत तेवढ्याच किमतीचं दही मागून घ्या.

सकाळी पिशवी दारावर लटकत ठेवू नका. आम्ही ते तुमच्या दारापर्यंत थंड आणलेलं असलं, तरी उन्हात तासभर राहिलेलं दूध तापवताना फाटू शकतं. दाराशी झाकणाचा डबा किंवा थर्माकोलची पेटी ठेवलीत तर पोरगं पिशवी त्यातच ठेवेल. पेटी आमच्याकडेही मिळते.

गुढीपाडव्याच्या श्रीखंडाची नोंद सणाच्या चार दिवस आधी बंद होते. चक्का आमच्याच म्हशीच्या दुधाचा असतो आणि रतीब असलेल्या घरांची नोंद आधी घेतो.