पायाखालचा गारवा : इमारतीच्या पायातून उष्णतेची देवाणघेवाण आणि कोकणची जमीन

पौषातल्या पहाटे विहिरीवर गेलेल्या कोकणी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. रहाटाने वर आलेलं पाणी कोमट लागतं, कळशीतून वाफ निघताना दिसते. वैशाखात त्याच विहिरीचं पाणी डोक्यावर ओतलं की जीव गार होतो. पाण्याचं तापमान दोन्ही वेळा जवळपास तेच असतं, बदललेली असते ती हवा. जमिनीत दहा-पंधरा मीटर खाली गेलं की उन्हाळा-हिवाळा तिथवर पोचत नाहीत. त्या गावच्या हवेची वर्षभराची जी सरासरी, तिच्या आसपासच तिथलं तापमान राहतं. पॅरिसच्या वेधशाळेचं तळघर सुमारे २८ मीटर खोल आहे. तिथे १८व्या शतकाच्या अखेरीस थर्मामीटर ठेवून पाहिला, तर पारा वर्षभर १२ अंशांच्या जरा खालीच राहिला. आपल्या किनाऱ्यावर हाच आकडा २७ अंशांच्या आसपास येतो. पुढची सगळी गोष्ट या दोन आकड्यांमधल्या फरकाची आहे.

आधी एक गल्लत दूर करतो. कोकणात जमिनीतल्या उष्णतेचं नाव काढलं की तुरळ-राजवाडी, उन्हवरे, वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं डोळ्यांसमोर येतात. ती उष्णता फार खोलवरून, खडकातल्या भेगांमधून येते. इथे जिच्याबद्दल लिहितो आहे ती पायाच्या खोलीवरची, साध्या मातीची आणि कातळाची ऊब आहे, आणि ती कुठल्याही गावात मिळते.

नुसत्या कोमट जमिनीने घर गरम किंवा गार होत नाही. मध्ये एक यंत्र लागतं, ते म्हणजे हीट पंप. फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावला की ती गरम लागते, कारण आतली उष्णता उपसून तिथे आणलेली असते. असा उपसा करून इमारती गरम किंवा गार करता येतील, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये मांडलं. प्रत्यक्षात आणलं ते ऑस्ट्रियाच्या पीटर फॉन रिटिंगर यांनी, १८५५ ते १८५७ दरम्यान, एबेन्झेच्या मिठाच्या कारखान्यात. खारं पाणी आटवायला तिथे प्रचंड लाकूड जळायचं, ते वाचवायचं होतं. आपल्या मिठागरांत हे काम ऊन करतं, त्यामुळे ही गरज जन्मली ती थंड देशात. १९१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हाइनरिख झ्योली यांनी जमिनीतूनच उष्णता घेण्याच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. मग बरीच दशकं कोळसा आणि तेल स्वस्त होतं, आणि १९७३च्या तेलटंचाईपर्यंत कुणाला फारशी घाई नव्हती.

टंचाईनंतर युरोपात जमिनीत बोअर मारून त्यात पाइप सोडायला सुरुवात झाली. पाइपमधून फिरणारं पाणी जमीन आणि हीट पंप यांच्यात उष्णतेची ने-आण करतं. पण बोअर महाग पडते. ऑस्ट्रियातल्या अभियंत्यांनी विचार केला की इमारतीच्या पायासाठी आपण जमीन खोदतोच आहोत, काँक्रीट ओततोच आहोत, तर पाइप त्यातच का घालू नये? १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आधी राफ्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या सलग काँक्रीटच्या थरात, १९८४ पासून पाइल्समध्ये, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांत, आणि १९९६ पासून डायफ्रॅम वॉलमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या काँक्रीटच्या भिंतीत पाइप घातले. व्हिएन्नाचे प्राध्यापक हाइन्झ ब्रांडल यांनी या कामाचा शास्त्रीय पाया घातला, आणि पाया-अभियांत्रिकीतलं मानाचं २००१चं रँकिन व्याख्यान याच विषयावर दिलं. व्हिएन्नाच्या लाइन्झ रेल्वे बोगद्याच्या भिंतीतल्या पाइल्समधून जवळच्या एका शाळेला ऊब मिळू लागली. झुरिक विमानतळाच्या २००३ साली सुरू झालेल्या टर्मिनलखाली ४४० पाइल्स आहेत, त्यांतल्या ३०० हून जास्त या कामाला जुंपल्या आहेत.

साइटवर हे काम दिसायला साधं असतं. सळयांचा पिंजरा जमिनीवर आडवा पडलेला असतो. बोटाएवढ्या जाडीचा प्लास्टिकचा पाइप पिंजऱ्याच्या आतून खाली नेतात, तळाशी वळवून पुन्हा वर आणतात आणि बाइंडिंग तारेने सळयांना बांधतात. पाइपमध्ये पाणी भरून दाब धरतात आणि वर गेज लावतात. काँक्रीट ओतताना गेजचा काटा पडला की समजायचं, खाली पाइप फुटला. बहुतेक पाइप इथे वाचतात आणि धोका नंतर येतो. पाइलच्या माथ्याचं कच्चं काँक्रीट ब्रेकरने फोडून काढतात, त्या वेळी वर आलेली पाइपची दोन टोकं नेमकी त्या ब्रेकरच्या वाटेत असतात. पायलिंगचा ठेकेदार वेगळा, प्लंबिंगचा वेगळा, आणि टोकं कुणाच्या ताब्यात हे लिहून ठेवलेलं नसलं की एका घावात ती पाइल कायमची बाद होते. मला हे तंत्र शिकण्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच वाटतो.

पाइल तापली की इमारतीचं काय, हा प्रश्न पहिल्यापासून होता. हिशोब सोपा आहे. २० मीटर लांबीची पाइल १० अंशांनी तापली तर ती मोकळी असल्यास सुमारे २ मिलिमीटर वाढेल. पण वर इमारत आणि भोवती माती असते, त्यामुळे ती पूर्ण वाढत नाही आणि रोखलेली वाढ ताण होऊन पाइलमध्ये राहते. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे १९९८ च्या सुमारास बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीखालची पाइल मुद्दाम तापवून, मजले चढत गेले तसतसा हा ताण मोजला गेला. तो डिझाइनमध्ये धरावा लागतो, पण आवाक्याबाहेरचा नाही.

इथवरची गोष्ट थंड देशांची झाली. तिथे जमीन उन्हाळ्यात इमारतीची उष्णता पोटात घेते आणि हिवाळ्यात परत देते. वर्षाअखेर हिशोब जुळतो. कोकणात हिवाळ्याचा हप्ता येतच नाही. आपण बाराही महिने जमिनीत उष्णता टाकत राहणार, मग ती हळूहळू तापणार. लंडनच्या भुयारी रेल्वेत हे घडून गेलं आहे. बोगदे खणले तेव्हा भोवतीची चिकणमाती १४ अंशांच्या आसपास होती. शंभर वर्षांच्या गाड्या आणि माणसांनी ती १९ ते २६ अंशांपर्यंत तापवली. तिथे सुरुवात तरी १४ वरून झाली, आपली सुरुवातच २७ वरून आहे.

तरीही कोकणात या कल्पनेला जागा आहे असं मला वाटतं, आणि त्याचं एक कारण आपल्या दमट हवेत आहे. मोठ्या इमारतींच्या एसीचे कूलिंग टॉवर थोडं पाणी वाफ होऊन उडू देतात आणि त्याने उरलेलं पाणी गार करतात. मे महिन्यात जिथे अंगावरचा घाम वाळत नाही, तिथे टॉवरचं पाणी तरी कितीसं गार होणार? घरातला एसी आपली उष्णता ३३-३५ अंशांच्या हवेत ढकलतो आणि त्याचं बिल आपण भरतो. २७ अंशांची जमीन त्या मानाने नक्कीच बरी.

पण कोणती जमीन? सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळी पठारावरचा जांभा सच्छिद्र असतो. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, श्रावणात विहिरी काठोकाठ भरतात, आणि एप्रिलमध्ये त्याच वाडीत टँकर येतो. ओला जांभा उष्णता चांगली वाहून नेतो, कोरडा नेत नाही. म्हणजे गारव्याची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच सड्यावरची जमीन सगळ्यात निकामी. शिवाय जांभ्यावर पाइल लागतेच कुठे? चिऱ्याच्या घराचा पाया मीटर-दीड मीटरचा, तिथे मे महिन्याचं ऊन सहज पोचतं.

पाइल लागते ती खाडीकाठी. खाजणातला चिखल भार घेत नाही म्हणून पाइल त्याच्यातून उतरवून खालच्या कातळात रोवतात. आणि हाच चिखल बारमाही ओला असतो. जिथे पाइल अटळ आहे तिथेच जमीन पाण्याने भरलेली आहे, हा योग मला फार मोलाचा वाटतो. एक अडचण राहतेच. चिखलात पाणी मुरलेलं असतं, वाहत नसतं, म्हणून टाकलेली उष्णता धुऊन जात नाही. वाळूचा थर किंवा भेगाळ कातळ लागला तर गोष्ट वेगळी. हे एकाच गावात पन्नास पावलांवर बदलतं, त्यामुळे दुसऱ्या गावचा आकडा इथे वापरता येत नाही.

सगळी उष्णता जमिनीतच टाकायला हवी असंही नाही, ती गोळा करून वापरताही येते. इटलीत तुरिनच्या मेट्रोच्या बोगद्यात पाइप घातलेले काँक्रीटचे तुकडे बसवून चाचणी झाली. लंडनच्या इझ्लिंग्टन भागात २०२० पासून भुयारी रेल्वेच्या हवेच्या विवरातली उष्णता घरांना पुरवली जाते. मुंबईत कुलाबा-वांद्रे-सीप्झ अशी ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो आहे, आणि तिथे घरं गरम करायची नसली तरी इस्पितळं, हॉटेलं आणि धोबीखान्यांना गरम पाणी वर्षभर लागतं. रत्नागिरीच्या बाजूला तर एकाच आवारात दोन्ही गरजा शेजारी शेजारी असतात. आंब्याच्या हंगामात एका शेडमध्ये कोल्ड स्टोरेज चालू असतं आणि दुसऱ्यात पल्पसाठी बाटल्या, डबे, क्रेट धुवायला गरम पाणी. डबे उकळायला लागते तेवढी आच साधा हीट पंप देणार नाही, पण धुण्यापुरतं ६० अंशांचं पाणी देईल. कोल्ड स्टोरेजमधून उपसलेली उष्णता आधी त्या टाकीत आणि उरलीसुरली पायात, असा क्रम लावला तर जमिनीवरचा बोजा बराच हलका होतो. मात्र हा क्रम शेडचा पाया आखतानाच ठरवावा लागतो.