अनुदान आलं की विमा?

दिवाळीच्या आगेमागे पारावर हमखास ऐकू येतं, "विमा पडला का रे?" "पडला की, सतरा हजार." पडलेलं असतं अतिवृष्टीचं अनुदान, नाव मात्र पीक विम्याचं. दोन्ही पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात आणि बँकेच्या मेसेजवरून काही उमगत नाही, मग घोळ होणारच.

अनुदान ही सरकारची मदत. तिला हप्ता नाही, पावती नाही. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामा करतात. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच यादीत नाव लागतं. दर ठरलेले आहेत: हेक्टरी कोरडवाहूला 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये. मर्यादा 2 हेक्टर. 2025 च्या सप्टेंबरातल्या पुरानंतर राज्याने त्या नुकसानीपुरती ती 3 हेक्टर केली. शेंगांना झाडावरच कोंब फुटलेलं सोयाबीन पाहिलं की 8,500 हा आकडा थट्टाच वाटतो. पण कागदावर हे 'निविष्ठा अनुदान' आहे, म्हणजे पुढच्या बी-खताला हातभार. गेलेल्या पिकाची किंमत त्यात धरलेलीच नाही.

विमा हा करार. 2023 च्या खरिपापासून दोन वर्षं तो 1 रुपयात मिळाला. 2025 च्या खरिपात पुन्हा शेतकऱ्याला हप्ता आला, खरीप पिकांना विमा रकमेच्या (जेवढ्याचा विमा उतरवला तिच्या) 2 टक्क्यांपर्यंत आणि कापसासारख्या नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत. त्याच हंगामात राज्याने आणखी एक बदल केला, आणि खरी मेख तिथेच आहे. आधी पाणी साचलं की 72 तासांत तक्रार टाकायची आणि आपल्या शेताची पाहणी व्हायची. ते बंद झालं. त्याऐवजी मुख्यतः पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजून, मंडळाचं सरासरी उत्पन्न काढतात आणि ते उंबरठा उत्पन्नाशी, म्हणजे मागच्या वर्षांवरून ठरवलेल्या पातळीशी, ताडून पाहतात. समजा उंबरठा हेक्टरी 10 क्विंटल आणि प्रयोगात निघाले 7. तूट 30 टक्के. विमा रक्कम 50,000 असेल तर 15,000 मिळणार, आणि मंडळातल्या त्या पिकाच्या प्रत्येक विमाधारकाला त्याच टक्क्याने.

म्हणजे ओढ्याकाठचं रान खरवडून गेलं, पण मंडळातल्या माळावर बरं पिकलं, तर ओढ्याकाठच्याला अनुदान मिळेल, विमा कदाचित शून्य. उलट माळावरच्याचं नुकसान पंचनाम्यात बसलं नाही, तरी मंडळ उंबरठ्याखाली गेलं तर त्याला विमा मिळतो. गावात यावरून "त्याला कसा मिळाला?" अशी कुजबुज सुरू होते, बिचाऱ्याने काही केलेलं नसतं.

एक मिळालं म्हणून दुसरं कापलं जात नाही. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून केलेल्या पीक नोंदीत) असलेलं पीक आणि विम्यातलं पीक मात्र एकच हवं, नाहीतर पावती असून उपयोग नाही.

अनुदान अडकलं तर यादीतला व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) आणि ई-केवायसी बघा, विचारायचं ते तलाठ्याला किंवा तहसीलला. विम्यासाठी पावती हाताशी ठेवून 14447 हा मदत क्रमांक लावा, नाहीतर तालुका कृषी कार्यालय गाठा. विम्याचं विचारल्यावर तलाठ्याने हात वर केले, तर दर वेळी ती टाळाटाळ नसते. विम्याची यादी त्याच्या दप्तरात नसतेच.