ओंटारियो हॉकी लीग : २००४–०५ हंगाम

कॅनडातील ओंटारियो हॉकी लीग या कनिष्ठ गटाच्या आइस हॉकी स्पर्धेचा हा हंगाम लंडन नाइट्स या संघाच्या नावाने ओळखला जातो. सुरुवातीचे ३१ सामने न हरण्याचा विक्रम, संघाच्या इतिहासातले पहिले लीग-विजेतेपद आणि पाठोपाठ कनिष्ठ लीगविजेत्यांचा मेमोरियल चषक, हे सगळे नाइट्सना एकाच वर्षात मिळाले. हे लंडन ओंटारियो प्रांतातले. तिथल्या नदीचे नावही थेम्सच. कॅनडात नुसते ‘हॉकी’ म्हटले की बर्फावरचीच समजतात, आपल्या हॉकीला तिथे मुद्दाम ‘फील्ड हॉकी’ म्हणावे लागते.

लीगमध्ये १६ ते २० वर्षे वयाची मुले खेळतात. या हंगामात २० संघ होते, १७ ओंटारियोतले आणि ३ अमेरिकेतले. प्रत्येकाच्या वाट्याला ६८ साखळी सामने. घरापासून लांब आलेला खेळाडू संघाच्या गावी एखाद्या यजमान कुटुंबात राहतो, तिथूनच शाळेत आणि सरावाला जातो. बाहेरगावचे सामने बसने. लंडनहून लीगमधलेच दुसरे शहर सडबरी पाचशे किलोमीटरच्या पुढे आहे, त्यामुळे अभ्यास आणि झोप दोन्ही बऱ्याचदा बसमध्येच उरकावी लागते.

या हंगामाला एक मोठे निमित्त लाभले. मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वेतनाच्या वादात एनएचएल या व्यावसायिक लीगला टाळे लागले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये तिचा अख्खा हंगामच रद्द झाला. एरवी एनएचएलमध्ये गेले असते असे जेफ कार्टर, माइक रिचर्ड्‌स यांच्यासारखे एकोणीस-वीस वर्षांचे खेळाडू त्यामुळे कनिष्ठ गटातच राहिले. तेव्हा नाइट्सनी दुबळ्या लीगमध्ये बाजी मारली असे म्हणता येत नाही; उलट इतकी तगडी कनिष्ठ लीग क्वचितच जमते.

नाइट्सची आधीची कहाणी मात्र केविलवाणी होती. १९९५–९६ मध्ये या संघाने ६६ पैकी अवघे ३ सामने जिंकले होते. २००० साली डेल आणि मार्क हंटर या भावांनी संघ विकत घेतला. प्रशिक्षक झालेले डेल हंटर स्वतः एनएचएलमध्ये हजारावर गुण (गोल आणि साहाय्ये मिळून) मिळवलेले, आणि शिक्षा म्हणून तीन हजारांवर मिनिटे बाकावर काढलेले! २००२ मध्ये सुमारे नऊ हजार आसनांची नवी रिंक उघडली, तीही भरू लागली.

२००४ च्या शरद ऋतूत निघालेला नाइट्सचा अश्वमेधाचा घोडा डिसेंबरपर्यंत कोणालाच अडवता आला नाही. २९ विजय, २ बरोबरी. पश्चिमेच्या कनिष्ठ लीगमधल्या ब्रँडन संघाचा १९७८–७९ मधला २९ सामन्यांचा विक्रम मागे पडला. अखेर घोडा धरला तो सडबरी वुल्व्ह्जने. या संघाने घरच्या रिंकमध्ये गोल केला की पेंढा भरलेला लांडगा छताखालच्या तारेवरून सरकत येतो आणि पाहुण्यांवर ओरडतो. साखळीअखेर नाइट्सची नोंद ५९ विजय, ७ पराभव, २ बरोबरी अशी होती. त्यांच्या कोरी पेरीने ४७ गोल आणि ८३ साहाय्यांसह १३० गुण मिळवून लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला. बाद फेरीच्या अंतिम मालिकेत नाइट्सनी ओटावा सिक्स्टी-सेव्हन्सला ४–१ असे नमवले.

पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या मेमोरियल चषकाचे यजमानपद त्या वर्षी लंडनकडेच होते. या स्पर्धेत कॅनडातल्या तीन मोठ्या कनिष्ठ लीगचे विजेते आणि यजमान असे चार संघ खेळतात; यजमानाला जागा आयती मिळते. नाइट्सनी लीगही जिंकल्यामुळे उपविजेत्या ओटावालाही प्रवेश मिळाला. उरलेले दोन संघ पश्चिमेचा केलोना आणि क्वेबेकचा रिमुस्की. रिमुस्कीत होता सतरा वर्षांचा सिडनी क्रॉस्बी. त्या हंगामात ६२ सामन्यांत त्याचे १६८ गुण झाले होते. सलामीला नाइट्सनी रिमुस्कीला जादा वेळेत ४–३ असे हरवले. २९ मे २००५ रोजी अंतिम सामन्यात हेच संघ पुन्हा भिडले आणि गोलरक्षक अ‍ॅडम डेनिसने एकही पक (खेळायची रबरी चकती) आत जाऊ दिली नाही. ४–०. क्रॉस्बीचा कनिष्ठ गटातला हा शेवटचा सामना. दोन महिन्यांनी एनएचएलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पिट्‌सबर्गने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले.