गाठीचा रेणवीय नकाशा: मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंगची पार्श्वभूमी

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, चघळण्याचे प्रमाण विदर्भात इतके आहे, की नागपुरात शासकीय मेडिकल रुग्णालयापासून राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयापर्यंत तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण डॉक्टरांना रोजच तपासावे लागतात. अशा रुग्णाच्या फुप्फुसात पुढे गाठ दिसली, तर ती तोंडातून पसरलेली की फुप्फुसातच नव्याने उद्भवलेली, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरवणे अनेकदा कठीण जाते. कारण दोन्ही स्क्वॅमस सेल (चपट्या आवरण-पेशींच्या) प्रकारच्या असू शकतात आणि त्यांच्या पेशी सारख्याच दिसतात. उपचाराची दिशा मात्र त्याच उत्तरावर अवलंबून असते. पेशींचे रूप जिथे अपुरे पडते, तिथे त्यांच्यातील रेणूंकडे वळावे, हा विचार मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंगच्या, म्हणजे ऊतीतील रेणू वस्तुमानावरून ओळखून त्यांच्या जागांचा नकाशा काढणाऱ्या तंत्राच्या, मुळाशी आहे.

रेणूंचे वस्तुमान मोजण्याची विद्या जुनी आहे. फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये मास स्पेक्ट्रोग्राफ उभा केला. १९६२ मध्ये फ्रान्समध्ये कास्तें आणि स्लोझियाँ यांनी आयनांच्या झोताने पृष्ठभागाचे चित्र मिळवले. पण त्या माऱ्यात प्रथिनांसारखे मोठे रेणू फुटून जात, त्यामुळे ते तंत्र मुख्यतः धातू आणि खनिजांच्या अभ्यासापुरते राहिले. मोठे रेणू न फोडता लेसरने उडवण्याची युक्ती १९८० च्या दशकात जर्मनीत कारास व हिलेनकाम्प यांना आणि जपानमध्ये कोइची तानाका यांना साधली, आणि तानाकांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

तरीही एक मोठी उणीव होती. प्रथिने तपासायची तर ऊती कुटून तिचा अर्क काढावा लागे, आणि त्यात गाठ, तिच्या भोवतालची निरोगी ऊती, रक्तवाहिन्या असे सगळेच एकत्र मिसळे. कोणता रेणू कुठला, हे कळण्याचा मार्गच उरत नसे. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण १९९७ चे आहे. अमेरिकेतील रिचर्ड कॅप्रिओली यांच्या गटाने ऊतीच्या पातळ कापावर लेसर बिंदूबिंदूने फिरवून प्रत्येक बिंदूचा स्वतंत्र वर्णपट (कोणत्या वस्तुमानाचे रेणू किती, याचा आलेख) घेतला, आणि रेणूबरोबर त्याची जागाही टिकून राहिली. २००१ मध्ये याच तंत्राने उंदरात वाढवलेल्या मानवी मेंदूच्या गाठीत थायमोसिन बीटा-४ हे प्रथिन वाढत्या कडेकडे अधिक असल्याचे दिसले, तर २००३ मध्ये फुप्फुसाच्या गाठींचे प्रकार त्यांच्या प्रथिनांच्या ठेवणीवरून वेगळे काढता आले.

हे काम बहुतांशी गोठवलेल्या ऊतीवर झाले होते, आणि रुग्णालयांत तशी ऊती क्वचितच जपलेली असते. नागपूरसारख्या शहरातील पॅथॉलॉजी विभागांत कपाटे भरून असतात ते फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेल्या ऊतीचे ब्लॉक. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांशी घट्ट बांधून टाकते. २००७ च्या सुमारास कापावरच ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर सोडून प्रथिनांचे तुकडे करण्याची पद्धत पुढे आली, तेव्हा या साठ्याची दारे उघडली. आज मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्रावर ब्लॉकचा काही मायक्रॉन जाडीचा काप घेतात, तो विद्युतवाहक थर दिलेल्या काचेवर ठेवून मेण काढतात, ट्रिप्सिन आणि मग मॅट्रिक्स (लेसरची ऊर्जा शोषून रेणूंना न फोडता उडवणारे रसायन) फवारतात आणि लेसर चालवतात. मोजणी संपल्यावर मॅट्रिक्स धुऊन तोच काप हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवतात. त्या रंगीत कापावर पॅथॉलॉजिस्ट गाठीचा भाग आखून देतो, आणि संगणक शिकतो तो त्या आखणीवरून. आखणी ढिली असेल, तर पुढचे सगळे गणित ढिले.

एका कापातून हजारो बिंदू आणि प्रत्येक बिंदूमागे हजारो आकडे निघत असल्याने वर्गीकरण संगणकाकडे जाणे अटळ होते. आधी वर्णपटातील निवडक शिखरांवर चालणाऱ्या सांख्यिकी पद्धती आल्या. २०१८ मध्ये ब्रेमेन येथील गणितज्ञांनी वर्णपटावर थेट शिकणारे खोल न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून स्वतः शिकणारी अनेक थरांची संगणकीय रचना) मांडले आणि ते फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कर्करोग) व स्क्वॅमस सेल प्रकारांवर, तसेच फुप्फुस आणि स्वादुपिंड यांच्या गाठींवर तपासले.

इथे वाचकाने एक गोष्ट काटेकोरपणे पाहावी. एकाच रुग्णाचे बिंदू शिकवणीतही आणि परीक्षेतही आले, तर नेटवर्क रोगाऐवजी तो रुग्णच ओळखू लागते आणि अचूकता फसवी वाढते. मॅट्रिक्सची फवारणी, यंत्राची जुळणी, ब्लॉकचे वय यांमुळे प्रयोगशाळागणिक वर्णपट सरकतो तो वेगळाच. म्हणून असा एखादा निकाल हाती आला, की तो बिंदूगणिक मोजला आहे की रुग्णागणिक, आणि परीक्षेचे ब्लॉक दुसऱ्या रुग्णालयाचे होते का, हे अचूकतेचा आकडा वाचण्याआधी तपासावे.